घरचा कॉम्प्युटर बाहेरून वापरायचाय? आधी राउटरचं पान उघडा

"मी पुण्यात आहे, टॅलीचा सगळा डेटा सांगलीच्या घरच्या कॉम्प्युटरवर आहे, इथून उघडता येईल का?" रिटर्न भरायचे दिवस जवळ आले की हा प्रश्न हमखास येतो. येतं उघडता. बहुतेक घरांत त्यासाठी नवीन काही विकत घ्यावं लागत नाही आणि महिन्याचं भाडंही भरावं लागत नाही. पण हे शोधायला गेलं की पहिला सल्ला मिळतो तो "राउटरमध्ये ३३८९ पोर्ट उघडा, झालं काम." तो सल्ला ऐकू नका. पोर्ट म्हणजे बाहेरून आत यायचं, आकडा दिलेलं दार. काम होतं हे खरं, पण त्याच दारातून बाकीचे पण आत येतात. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय.

इथे मी असं धरलंय: घरी विंडोज ११ चा डेस्कटॉप, फायबरचं इंटरनेट, कंपनीनं बसवून दिलेला राउटर, आणि बाहेर तुमच्या हातात लॅपटॉप किंवा फोन. पत्ते आणि आकडे इथे मराठीत छापले आहेत, टाइप करताना इंग्रजी अंकच वापरा. मेन्यूची नावंही स्क्रीनवर इंग्रजीत दिसतील.

आधी घरातल्या घरात चालवून बघा

सेटिंग्जमध्ये सिस्टम, त्यात शेवटी अबाउट. तिथे विंडोजची एडिशन लिहिलेली असते. प्रो असेल तर रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुसरीकडून या कॉम्प्युटरची स्क्रीन बघून तो चालवायची विंडोजची सोय, आतच आहे. होम असेल तर त्या कॉम्प्युटरवरून दुसऱ्याकडे जाता येतं, पण त्याच्यात बाहेरून शिरता येत नाही. मायक्रोसॉफ्टनं ती सोय होम एडिशनमध्ये दिलेलीच नाही. मग एकतर पैसे भरून प्रो घ्या, नाहीतर रस्टडेस्क हे तेच काम करणारं ॲप टाका. ते फुकट आहे, त्याचा सोर्स कोड खुला आहे आणि त्याच्या सुरक्षा सेटिंगमध्ये थेट आयपीवरून जोडायची सोय आहे. पुढची सगळी राउटरची कामं दोन्हीला सारखीच लागू पडतात. घरी अजून विंडोज १० असेल, तर त्याचा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे लक्षात ठेवा. बाहेरून उघडायच्या मशीनवर जुनी विंडोज ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रो असेल तर सेटिंग्ज, सिस्टम, रिमोट डेस्कटॉप इथे जाऊन बटण चालू करा. तिथेच नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशनची (स्क्रीन दिसण्याआधीच पासवर्ड तपासायची सोय) खूण असते, ती काढू नका. यात नवखी माणसं हमखास अडकतात ती पिनपाशी. रोज चार आकडी पिन टाकून कॉम्प्युटर उघडायची सवय असते, पण रिमोट डेस्कटॉपला पिन चालत नाही, अकाउंटचा पासवर्डच लागतो. पासवर्ड नसलेलं लोकल अकाउंट असेल तर बाहेरून प्रवेशच मिळत नाही. म्हणून आधी चांगला लांब पासवर्ड ठेवा.

आता त्याच वायफायवर दुसरा लॅपटॉप घ्या. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, एमएसटीएससी ही पाच अक्षरं इंग्रजीत टाइप करा, एंटर. उघडलेल्या खिडकीत घरच्या कॉम्प्युटरचा आयपी, म्हणजे नेटवर्कमधला पत्ता, टाका. (घरच्या कॉम्प्युटरच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग टाइप केलं की तो आयपीव्ही४ ॲड्रेस या ओळीत दिसतो.) स्क्रीन दिसली? मग पुढे चला. नाही दिसली तर राउटरला हातही लावू नका, अडचण कॉम्प्युटरमध्येच आहे. बहुतेक वेळा वेगळ्या अँटिव्हायरसची फायरवॉल, म्हणजे बाहेरच्या जोडण्या अडवणारी भिंत, आडवी आलेली असते.

एक गोष्ट घरच्यांना सांगून ठेवा. तुम्ही बाहेरून शिरलात की घरची स्क्रीन लॉक होते. एका वेळी एकाच माणसाला वापरता येतं. वडील त्याच अकाउंटवर काही टाइप करत बसले असतील आणि समोरची स्क्रीन अचानक गेली, तर ते घाबरून सरळ प्लग काढतात. एक फोन आधी करावा.

कॉम्प्युटरचा पत्ता पक्का करा

राउटर घरातल्या प्रत्येक उपकरणाला पत्ता वाटतो आणि तो बदलू शकतो. आज १९२.१६८.१.५ असलेला कॉम्प्युटर वीज जाऊन आल्यावर १९२.१६८.१.९ होईल आणि मग तुम्ही भलत्याच दारावर थापा माराल. म्हणून त्याचा पत्ता राउटरमध्येच राखून ठेवायचा.

कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग, एक जागा सोडून तिरपी रेघ, आणि त्याला लागून ऑल. याच्या उत्तरातल्या दोन ओळी कागदावर लिहून घ्या. एक फिजिकल ॲड्रेस, म्हणजे मॅक ॲड्रेस: दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या. दुसरी डीफॉल्ट गेटवे, हाच राउटरचा पत्ता. केबलचा मॅक आणि वायफायचा मॅक वेगळे असतात, तेव्हा तुम्ही ज्यावर चालवणार त्याचाच घ्या. केबलच टाका असं मी सांगेन. वायफायवरच ठेवायचं असेल तर विंडोजच्या वायफाय सेटिंगमधलं रँडम हार्डवेअर ॲड्रेस बंद करा, नाहीतर मॅकच बदलत राहील.

मग ब्राउझरमध्ये गेटवेचा पत्ता टाका. लॉगिन राउटरच्या बुडाला चिकटवलेल्या लेबलवर असतं. आत शिरल्यावर डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचा भाग, शोधा. कुठे त्याला ॲड्रेस रिझर्व्हेशन म्हणतात, कुठे स्टॅटिक डीएचसीपी, कुठे आयपी-मॅक बाइंडिंग. तिथे मॅक आणि हवा तो आयपी लिहून सेव्ह करा, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा, पत्ता तोच मिळाला का बघा.

याच पानावर असताना आणखी दोन कामं उरकून घ्या. राउटरचा ॲडमिन पासवर्ड बदला. लेबलवरचा पासवर्ड घरी आलेल्या कोणालाही वाचता येतो. आणि घरचं नेटवर्क १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० वर असेल तर ते १९२.१६८.५७ असं काहीतरी वेगळं करा, आणि आत्ता राखलेला पत्ताही त्याप्रमाणे बदला. कारण ऑफिस, हॉटेल, मित्राचं घर, सगळीकडे तेच दोन नमुने असतात. दोन्हीकडे एकच पत्ते असले की लॅपटॉप घरच्या कॉम्प्युटरला हॉटेलातच शोधत बसतो.

पुढचा रस्ता या तपासणीवर ठरतो

राउटरच्या पानावर स्टेटस किंवा वॅन (राउटरची बाहेरच्या इंटरनेटकडची बाजू) असा भाग असतो. तिथे राउटरला कंपनीकडून मिळालेला आयपी दिसतो. तो लिहून घ्या. मग त्याच घरच्या इंटरनेटवरून गूगलमध्ये "व्हॉट इज माय आयपी" शोधा. दोन्ही आकडे एकच आले तर तुमच्याकडे पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरून थेट पोचता येणारा पत्ता, आहे. (शोधात आकड्यांऐवजी अक्षरं आणि विसर्गासारखी दोन-दोन टिंबं असलेला लांबलचक पत्ता आला तर तो आयपीव्ही६ आहे. तुलना आयपीव्ही४ चीच करा.)

वेगळे आले, आणि वॅनचा पत्ता १०० ने सुरू होत असून दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या मधला असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. म्हणजे कंपनी एकच पब्लिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटून वापरते. वॅनचा पत्ता १० ने सुरू होत असेल तरी बहुधा हेच. १९२.१६८ ने सुरू होत असेल तर आधी घरातच बघा: फायबरचा डबा वेगळा आणि तुम्ही विकत आणलेला वायफाय राउटर वेगळा असेल, तर एकामागे एक दोन राउटर झाले. कंपनीला सांगून फायबरचा डबा ब्रिज मोडमध्ये टाकून घ्या, म्हणजे तो राउटरचं काम सोडून नुसती जोडणी पुढे देईल, मग पुन्हा तपासा.

सीजीनॅट आलं कुठून? आयपीव्ही४ मध्ये एकूण पत्तेच सुमारे ४२९ कोटी. जगाचा मोकळा साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला आणि आशिया-पॅसिफिकच्या वाट्याचा त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये आटला. २०१२ मध्ये १००.६४ पासूनचा पट्टा खास याच वाटपासाठी बाजूला काढला गेला. आपल्याकडे घराघरांत फायबर पोचलं ते यानंतर, त्यामुळे घरगुती जोडणीवर सीजीनॅट असणं अगदी नेहमीचं आहे.

ही तपासणी न करता माणसं शनिवार-रविवार पोर्ट फॉरवर्डिंगशी, म्हणजे राउटरच्या एका पोर्टवर आलेली हाक घरच्या कॉम्प्युटरकडे पाठवायच्या सेटिंगशी, झटत बसतात. सीजीनॅटमागे तुमच्या राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग कितीही अचूक केलं तरी चालणार नाही, कारण बाहेरून आलेली हाक कंपनीच्या यंत्रापाशीच थांबते, तुमच्या राउटरपर्यंत येतच नाही.

सीजीनॅट असेल तर: टेलस्केल

खरं सांगायचं तर पब्लिक आयपी असला तरी नवख्या माणसाला मी हाच रस्ता सांगतो. टेलस्केल म्हणजे तुमच्याच उपकरणांचं खासगी जाळं बनवणारं ॲप. यात राउटरमध्ये एकही पोर्ट उघडावा लागत नाही. घरचा कॉम्प्युटर स्वतःच बाहेर हाक मारतो, तुमचा लॅपटॉपही मारतो, आणि मधली सेवा दोघांची गाठ घालून देते. गाठ पडली की शक्यतो थेट बोलणं होतं. नाहीच जमलं तर मधल्या सर्व्हरवरून, पण तेव्हाही मजकूर कुलूपबंदच असतो. आतलं तंत्र वायरगार्डचं, म्हणजे दोन मशीनमध्ये कुलूपबंद रस्ता बनवणाऱ्या प्रोग्रामचं, जे मार्च २०२० पासून लिनक्सच्या कर्नेलचाच (गाभ्याचाच) भाग आहे. घरगुती वापराला टेलस्केल फुकट आहे.

घरच्या कॉम्प्युटरवर टेलस्केल टाका आणि गूगल किंवा मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन करा. लॅपटॉपवर आणि फोनवर पण टाका, लॉगिन त्याच अकाउंटनं. प्रत्येकाला १०० ने सुरू होणारा एक पत्ता मिळतो. (पट्टा तोच, सीजीनॅटचा, पण हा तुमच्या खासगी जाळ्यातला पत्ता आहे, गोंधळू नका.) आता एमएसटीएससी (किंवा रस्टडेस्क) उघडून घरच्या कॉम्प्युटरचा हा पत्ता टाका. झालं.

पण घराबाहेर पडायच्या आधी दोन सेटिंग्ज केलीच पाहिजेत. घड्याळाजवळच्या टेलस्केलच्या खुणेवर क्लिक करून प्रेफरन्सेसमध्ये रन अनअटेंडेड चालू करा. हे नसेल तर कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊन लॉगिन स्क्रीनवर थांबला की टेलस्केलही थांबतं, आणि घरी जाऊन कोणीतरी पासवर्ड टाकेपर्यंत तुम्ही बाहेरच. दुसरं, टेलस्केलच्या वेबसाइटवर ॲडमिन पानात घरच्या मशीनसमोर डिसेबल की एक्स्पायरी करा. मूळ सेटिंगमध्ये १८० दिवसांनी पुन्हा लॉगिन मागतात. सहा महिने सगळं सुरळीत चालतं आणि एक दिवस अचानक बंद पडतं, तेव्हा कारण बहुधा हेच असतं.

ज्या गूगल अकाउंटनं लॉगिन केलं त्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा. आता घरच्या कॉम्प्युटरची किल्ली त्याच अकाउंटमध्ये आहे.

पब्लिक आयपी असेल आणि सगळं स्वतःच्या हातात हवं असेल तर: वायरगार्ड

यात मधली सेवा नाही. राउटरमध्ये एकच पोर्ट उघडायचा, तोही वायरगार्डचा. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे सोसायटीच्या वॉचमनला सांगून ठेवणं: या नावानं कोणी आलं तर तिसऱ्या मजल्यावर पाठवा, बाकीच्यांना गेटवरूनच परत. वॉचमनला न सांगितलेला पाहुणा आत येत नाही, राउटरचंही तसंच.

दोन्ही मशीनवर वायरगार्डचं अधिकृत ॲप टाका आणि रिकामं टनेल, म्हणजे त्या कुलूपबंद रस्त्याची नोंद, तयार करा. ॲप आपोआप दोन किल्ल्या बनवतं. प्रायव्हेट की त्या मशीनबाहेर कधीच न्यायची नाही, व्हॉट्सॲपवर तर मुळीच नाही. पब्लिक की दुसऱ्या मशीनला द्यायची. घरच्या कॉम्प्युटरला टनेलमधला पत्ता द्या १०.६६.०.१, लॅपटॉपला १०.६६.०.२. घरच्या बाजूला लिसन पोर्ट ५१८२०. प्रत्येकाच्या पीअर (म्हणजे समोरचं मशीन) भागात समोरच्याची पब्लिक की, आणि अलाउड आयपीजमध्ये समोरच्याचा टनेलमधला पत्ता, त्यापुढे तिरपी रेघ देऊन ३२. लॅपटॉपच्या बाजूला आणखी दोन ओळी: एंडपॉइंट म्हणजे घरचा पब्लिक पत्ता आणि पोर्ट, आणि पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५.

आता राउटर. पोर्ट फॉरवर्डिंग किंवा व्हर्च्युअल सर्व्हर असं पान शोधा. बाहेरचा पोर्ट ५१८२०, आतला पोर्ट तोच, आतला आयपी म्हणजे तुम्ही राखून ठेवलेला पत्ता, प्रोटोकॉल यूडीपी. टीसीपी निवडलं तर काहीच होणार नाही, आणि चूकही कुठे दिसणार नाही. विंडोज फायरवॉलमध्येही या यूडीपी पोर्टला आत येऊ देणारा नियम असायला हवा. डीएमझेड नावाचा पर्याय दिसेल. तो सगळेच पोर्ट एका मशीनकडे मोकळे सोडतो, त्याच्या वाटेला जाऊ नका.

घरचा पब्लिक पत्ताही बदलतो. कंपनीकडून स्टॅटिक आयपी घेता येतो, त्याचे वेगळे पैसे पडतात. नाहीतर डकडीएनएस किंवा नो-आयपी या सेवांवर एक नाव घ्या आणि राउटरच्या डीडीएनएस पानात किंवा कॉम्प्युटरवरच्या छोट्या प्रोग्रामात ते भरा. पत्ता बदलला की नाव नव्या पत्त्याकडे वळतं. एंडपॉइंटमध्ये आकड्यांऐवजी ते नाव लिहा.

चाचणी घरच्या वायफायवर बसून करू नका. बरेच राउटर आतूनच बाहेर जाऊन परत आत येऊ देत नाहीत, त्यामुळे सगळं बरोबर असूनही जोडणी होत नाही आणि तुम्ही नीट असलेली सेटिंग्ज बिघडवून बसता. फोनचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटावर हॉटस्पॉट लावा, लॅपटॉप त्याला जोडा, दोन्हीकडचं टनेल चालू करा, एमएसटीएससीमध्ये (किंवा रस्टडेस्कमध्ये) १०.६६.०.१ टाका आणि मग बघा.

३३८९ का नाही

३३८९ हा रिमोट डेस्कटॉपचा ठरलेला पोर्ट. इंटरनेटवर असे उघडे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम दिवसरात्र चालू असतात. असा पोर्ट उघडा ठेवलेल्या एका ओळखीच्या ऑफिसात इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडला, सिक्युरिटीच्या नोंदींत ४६२५ हा क्रमांक गाळून बघितला. ४६२५ म्हणजे फसलेलं लॉगिन. पानंच्या पानं भरली होती. ॲडमिनिस्ट्रेटर, ॲडमिन, टेस्ट, युजर अशी नावं एकामागून एक, काही सेकंदांच्या अंतरानं, रात्री ऑफिस बंद असतानाही. तिथला पासवर्ड मजबूत होता म्हणून निभावलं.

आणि पासवर्ड दरवेळी वाचवेलच असं नाही. मे २०१९ मध्ये ब्लूकीप नावाची त्रुटी उघड झाली. तिच्यात जुन्या विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमधून पासवर्डशिवायच आत शिरता येत होतं. ती इतकी गंभीर होती की मायक्रोसॉफ्टनं २०१४ मध्येच सपोर्ट संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली. ३३८९ च्या जागी दुसराच आकडा ठेवला तर निभेल असंही सांगितलं जातं. शोधणारे प्रोग्राम सगळेच आकडे तपासतात, त्यांना थोडा जास्त वेळ लागतो इतकंच. याउलट वायरगार्ड ओळखीची किल्ली नसलेल्याला उत्तरच देत नाही. बाहेरून ठोठावणाऱ्याला तिथे दार आहे हेही कळत नाही.

राउटरमधलं रिमोट मॅनेजमेंट (राउटरचं पान बाहेरून उघडायची सोय) याच कारणासाठी बंद ठेवा. यूपीएनपी पण बंद करा, त्यातून घरातली उपकरणं तुम्हाला न विचारता पोर्ट उघडतात. घरात कोणी ऑनलाइन गेम खेळत असेल तर त्याला आधी विचारा, काही खेळांना ते लागतं.

वीज गेली तर

महावितरणची लाइट गेली की कॉम्प्युटर बंद, आणि आली तरी बंदच. यासाठी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये, जा (सुरू होताना डिलीट किंवा एफ२, मदरबोर्डप्रमाणे) आणि पॉवर मॅनेजमेंटमध्ये एसी पॉवर लॉसबद्दलचं सेटिंग शोधा. ते पॉवर ऑनवर ठेवा. मग वीज आल्याबरोबर मशीन आपोआप सुरू होतं. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये स्लीप कधीच नको असं निवडा, मॉनिटर खुशाल बंद राहू दे. राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही, एकट्या राउटरला वीज असून उपयोग नाही.

दिवसभर मशीन चालू ठेवायचं नसेल तर वेक-ऑन-लॅन आहे. झोपलेल्या कॉम्प्युटरच्या नेटवर्क कार्डाला एक ठरावीक पॅकेट मिळालं की तो जागा होतो.  पण हे पॅकेट घरच्याच नेटवर्कमधून कोणीतरी पाठवावं लागतं. झोपलेल्या मशीनवर टेलस्केलही झोपलेलं असतं. काही राउटरमध्ये त्यासाठी बटण असतं. नसेल तर घरात रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरसारखं काहीतरी कायम जागं लागेल. नवख्यानं या फंदात न पडता मशीन चालू ठेवलेलं बरं.

हे जोडून देणाऱ्या अनोळखी माणसापासून जपा

घरी आई-वडील असतील तर त्यांना हे नीट समजावून सांगा. रिमोटचं ॲप टाकायला लावून खातं रिकामं करणं ही जुनी फसवणूक आहे. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१९ मध्येच एनीडेस्क हे रिमोटचं ॲप वापरून यूपीआयवर होणाऱ्या चोरीबद्दल बँकांना सावध केलं होतं. ॲपमध्ये खोट नसते. ॲपमध्ये दिसणारा कोड फोनवर सांगितला की आपणच दार उघडून देतो. "बँकेतून बोलतोय, केवायसी बाकी आहे, हे ॲप टाका" असं कोणी म्हणालं तर फोन ठेवायचा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करायचा, जितका लवकर तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. घरच्यांना एकच नियम द्या: रिमोटचं काही टाकायचं असेल तर ते फक्त मी सांगेन, आणि तेही माझ्या आवाजात, मेसेजवर नाही.

ऑफिसच्या लॅपटॉपवर टेलस्केल किंवा वायरगार्ड टाकायचं असेल तर आयटी विभागाला विचारून टाका. बऱ्याच कंपन्यांत ते नियमात बसत नाही.

आणि लॅपटॉप किंवा फोन हरवला, तर घरी पोचायची वाट बघू नका. टेलस्केल असेल तर कोणत्याही ब्राउझरमधून ॲडमिन पान उघडून ते उपकरण काढून टाका. वायरगार्ड असेल तर घरच्या मशीनवरच्या टनेलमधून त्या उपकरणाचा पीअर भाग पुसून सेव्ह करावं लागतं. तुम्ही बाहेर असाल तर हे घरच्या कोणाकडून तरी फोनवर करून घ्यायला लागेल, म्हणून कोणती ओळ पुसायची ते आजच त्यांना एकदा दाखवून ठेवा. त्यानंतर विंडोजचा पासवर्ड बदला.